वाचकांचे प्रश्न : ओळख जुळवणारी अ‍ॅप आणि न सांगितलेले नियम

ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातील अडचण व अतिचंचलता), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण) अशी मेंदूची वेगळी घडण असलेल्या, म्हणजे हल्ली ज्यांना न्यूरोडायव्हर्जंट म्हटले जाते त्या प्रौढांसाठी मैत्रीची आणि जोडीदार शोधण्याची साधने कशी असावीत, याविषयी आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही सॉफ्टवेअर क्षेत्रातील चार मित्र ऑटिस्टिक आणि एडीएचडी असलेल्या प्रौढांसाठी डेटिंग अ‍ॅप तयार करण्याच्या विचारात आहोत. रचना नेहमीच्या अ‍ॅपसारखीच ठेवून रंग सौम्य, अक्षरे मोठी आणि सोबत संवादकौशल्य शिकवणारे छोटे धडे, असा आमचा आराखडा आहे. सुरुवात कोठून करावी? (पुणे)

उत्तर : आराखड्यातील धडे आधी काढून टाकावेत. संवादातील अडचण एकाच बाजूची आहे आणि दुरुस्तीही त्याच बाजूने करायची आहे, असे त्या धड्यांमागचे गृहीतक आहे. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये नेमके हेच गृहीतक खोडून काढले. ऑटिस्टिक व्यक्तीला इतरांचे मन ओळखता येत नाही, असे आपण सहज म्हणतो. पण इतरांनाही ऑटिस्टिक व्यक्तीचे मन तितकेच कमी ओळखता येते, आणि त्याला मात्र कोणी त्यांचा दोष म्हणत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एडिनबरा विद्यापीठातील कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ७२ व्यक्तींना घेऊन कानगोष्टींसारखा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे पुढे सांगत न्यायची होती. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली तितकीच ती एकही ऑटिस्टिक व्यक्ती नसलेल्या साखळीत टिकली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. पुढे २०२५ मध्ये तीनशेहून अधिक व्यक्तींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीतील ती गळती तशी दिसली नाही, हेही सांगायला हवे. मात्र ऑटिस्टिक व्यक्ती माहिती पोचवण्यात कमी पडतात, असे त्याही अभ्यासात आढळले नाही. तेव्हा ज्यांना धडे द्यायला तुम्ही निघाला आहात, त्यांना त्या धड्यांची गरज आहे हेच मुळात सिद्ध झालेले नाही.

मग आराखडा कशाभोवती उभा करायचा? माझ्या मते, जे नियम कोणीच सांगत नाही ते सांगून टाकण्याभोवती. टिंडर हे डेटिंग अ‍ॅप २०१२ मध्ये आले आणि त्याने रूढ केलेली डावी-उजवीकडे सरकवण्याची पद्धत छायाचित्रावरून क्षणात निर्णय मागते. जुळणी झाली की मात्र दोघांना रिकाम्या चौकटीपुढे सोडून देते. पहिले वाक्य कोणते लिहावे, किती दिवस उत्तर आले नाही म्हणजे नकार समजावा, ‘कधीतरी कॉफी घेऊ’ हे निमंत्रण आहे की निरोप आहे, यांपैकी काहीही पडद्यावर लिहिलेले नसते. इतरांना ते कळते असे आपण समजतो. खरे तर तेही अंदाजच बांधत असतात, फक्त चुकीच्या अंदाजाची किंमत त्यांना कमी मोजावी लागते.

या बाबतीत आपले कांदेपोहे निम्मे चांगले आणि निम्मे वाईट आहेत. कोण कोणाकडे येणार, साधारण किती वेळ बसणार, शिक्षण, नोकरी, घर यांविषयी कोणते प्रश्न निघणार, हे सारे आधी ठाऊक असते आणि भेटीचा हेतू लपवलेला नसतो. अनेक ऑटिस्टिक व्यक्तींना ही ठरलेली चौकट सोयीची वाटू शकते. पण निघताना पाहुणे ‘कळवतो’ म्हणतात, आणि त्या ‘कळवतो’चा अर्थ पुढचे तीन आठवडे घरातल्या सगळ्यांनी मिळून लावायचा असतो. तुमच्या अ‍ॅपने पहिला भाग घ्यावा आणि दुसरा टाकावा. प्रत्येकाने आपण मैत्री, सहवास, लग्न यांपैकी काय शोधत आहोत ते आधीच नोंदवावे. संभाषणाची स्थिती ‘चालू’, ‘थांबवलेले’ किंवा ‘संपवलेले’ अशा स्पष्ट शब्दांत दोघांनाही दिसावी. संपवण्यासाठी एक तयार, सभ्य वाक्य आणि एक बटण असावे, म्हणजे नकार देणाऱ्याला शब्द शोधत बसावे लागणार नाही आणि नकार मिळणाऱ्याला शांततेचा अर्थ लावत बसावे लागणार नाही. नकार स्पष्ट दिसला की तो पाळणेही सोपे जाते. एखादी व्यक्ती पुन्हा पुन्हा संदेश पाठवत राहते तेव्हा दरवेळी तो हट्टच असतो असे नाही. पुष्कळदा तिला नकार मिळालेलाच नसतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल या ऑटिस्टिक व्यक्तींनीच चालवलेल्या संघटनेने १९९६ पासून ‘ऑट्रीट’ नावाचे मेळावे भरवले आणि त्यांतून छातीवर लावायच्या रंगीत बिल्ल्यांची प्रथा रुजली. लाल म्हणजे कोणीही बोलायला येऊ नये, पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी यावे, आणि हिरवा म्हणजे मला बोलायचे आहे पण सुरुवात तुम्ही करा. यातील हिरव्या बिल्ल्याचा अर्थ नीट पाहावा. अ‍ॅपमधील ‘ऑनलाइन’ हा हिरवा ठिपका त्या व्यक्तीविषयी काहीच सांगत नाही, फक्त तिचा फोन सुरू असल्याचे सांगतो. तुम्ही अशी खूण ठेवणार असाल तर रंगासोबत शब्दही ठेवावेत, कारण सगळ्यांना रंग सारखे दिसत नाहीत.

दुसरा मोठा प्रश्न वेळेचा आहे. बम्बल या डेटिंग अ‍ॅपवर जुळणी झाल्यावर पुढचे पाऊल उचलायला चोवीस तासांची मुदत असते. ज्यांना एका संदेशाचा विचार करायला दोन दिवस लागतात, किंवा ज्यांच्या नजरेआड गेलेली गोष्ट मनातूनही निघून जाते, त्यांच्यासाठी अशी मुदत म्हणजे पहिल्याच पायरीवर बाद होणे आहे. वेळेचे बंधन असेल तर ते बंद करण्याची, बदलण्याची किंवा वाढवण्याची सोय हवी, असे संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून सांगत आले आहेत, पाळतात थोडेच. तुमच्या अ‍ॅपमध्ये उलट सोय असावी : ‘मी सहसा दोन-तीन दिवसांनी उत्तर देतो’ हे प्रोफाइलवर आधीच लिहिता यावे, आणि राहून गेलेल्या संभाषणाची आठवण नंतर एकदाच, दोष न लावता दिली जावी. तीन दिवसांत पाच नोटिफिकेशन येऊ लागली की एडीएचडी असलेली व्यक्ती अ‍ॅपच काढून टाकण्याची शक्यता जास्त.

रंग आणि अक्षरे यांवर तुम्ही भर दिला आहे. तो भाग सोपा आहे, म्हणूनच सगळे तेथून सुरुवात करतात. संवेदनांची तीव्रता किंवा मंदता २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेपासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत आली आहे, त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. जुळणी झाल्यावर पडद्यावर उडणारी रंगीबेरंगी आतषबाजी, आवाज आणि कंपन हे सारे मुळात बंद असावे आणि ज्याला हवे त्याने चालू करावे. वापरकर्त्याने फोनमध्येच हालचाल कमी करण्याचे सेटिंग निवडले असेल तर अ‍ॅपने ते निमूटपणे पाळावे.

अवघड भाग वेगळाच आहे. ऑटिस्टिक व्यक्तीला बहुधा पडदा रोज तसाच, ठरलेल्या जागी हवा असतो; एडीएचडी असलेल्या व्यक्तीला त्याच त्या पडद्याचा कंटाळा येतो. डिस्लेक्सिया असलेल्याला आवाजी संदेश सोयीचे वाटतात आणि समोरच्याला कदाचित फोनवरचा आवाजच नकोसा असतो. शिवाय अनेकांमध्ये हे दोन-तीन प्रकार एकत्र असतात. ‘न्यूरोडायव्हर्जंट वापरकर्ता’ असा एकच काल्पनिक माणूस भिंतीवर चिकटवून त्याच्यासाठी रचना करू नये. आणि म्हणून चाळीस सेटिंगांची यादी त्याच्यापुढे ठेवणे हेही उत्तर नव्हे, कारण ती यादी हाच एक अडथळा ठरतो. सुरुवातीला तीन-चार साधे प्रश्न विचारावेत, त्यावरून एक मांडणी सुचवावी, आणि ती केव्हाही बदलता यावी.

वाचण्यासाठी दोन गोष्टी सुचवतो. अमेरिकेतील आस्पायर हा ऑटिस्टिक व्यक्ती आणि संशोधक यांचा संयुक्त गट २००६ पासून काम करत आहे. त्यांनी २०१९ मध्ये ऑटिस्टिक वापरकर्त्यांसाठी संकेतस्थळे कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. संवेदनांना आणि आकलनाला सोपे असण्याबरोबरच सामाजिकदृष्ट्या सुगम असणे, म्हणजे वापरकर्त्याचा मान राखणे, ही तिसरी कसोटी त्यांनी लावली आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुसरे म्हणजे डब्ल्यूसीएजी २.२, म्हणजे वर उल्लेखलेल्या संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या निकषांची ऑक्टोबर २०२३ मधील आवृत्ती. एकदा भरलेली माहिती पुन्हा विचारू नये, मदतीचे बटण प्रत्येक पानावर त्याच जागी असावे, लॉगिनसाठी कोडी घालू नयेत अशा साध्या वाटणाऱ्या अटी त्यांत आहेत.

प्रश्न : मला तिशीत ऑटिझमचे निदान झाले. डेटिंग अ‍ॅपवर ते लिहावे का? लिहिले तर काही जण दया दाखवतात आणि काही जण गैरफायदा घ्यायला बघतात. न लिहिले तर दोन भेटींनंतर ‘तू विचित्र आहेस’ हे ऐकावे लागते. (ठाणे)

उत्तर : लिहावे की नाही हे तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणी ठरवू नये, अ‍ॅपनेही नाही. पण तुमची कोंडी बऱ्याच अंशी त्या एका रकान्यातून आली आहे. सगळ्यांना दिसेल असे लिहा किंवा अजिबात लिहू नका, एवढे दोनच पर्याय बहुतेक अ‍ॅप ठेवतात. प्रत्यक्षात आपण स्वतःविषयीची गोष्ट टप्प्याटप्प्याने सांगतो. काही संदेशांची देवाणघेवाण झाल्यावर, आपण निवडलेल्या एकाच व्यक्तीला, आपल्या शब्दांत दिसेल अशी नोंद आधी लिहून ठेवता आली पाहिजे, आणि ती मागेही घेता आली पाहिजे. निदानाच्या नावाने गाळणी लावून लोक शोधण्याची सोय मात्र अ‍ॅपने देऊ नये. भोळ्या माणसांची यादी शोधणाऱ्यालाच तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

तोपर्यंत एक मार्ग तुमच्या हातात आहे. निदानाऐवजी गरज लिहावी. ‘गोंगाटाच्या ठिकाणी मला नीट ऐकू येत नाही, शांत जागी भेटू या’, ‘मी स्पष्ट बोलते आणि स्पष्ट बोललेले मला आवडते’ ही वाक्ये समोरच्याला काय करायचे ते सांगतात. ‘ऑटिझम’ हा शब्द वाचून तो त्याला ठाऊक असलेल्या एखाद्या मालिकेतील पात्राची आठवण काढतो. हिंजसारख्या अ‍ॅपवर जे तयार प्रश्न असतात त्यांच्या उत्तरांत अशी वाक्ये सहज बसतात.

याच अनुषंगाने पुण्याच्या मित्रांसाठी एक सूचना : प्रवेशासाठी प्रमाणपत्र मागू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. प्रमाणपत्राची अट घातली तर ज्यांच्यासाठी अ‍ॅप काढले त्यांतील निम्मे लोक दारातच अडतील. आणि प्रौढपणी निदान मिळवणे किती खर्चाचे आणि वेळखाऊ आहे, हे ज्यांनी ते मिळवले आहे त्यांना सांगायला नको.

प्रश्न : माझा मुलगा सव्वीस वर्षांचा असून ऑटिस्टिक आहे. नोकरी करतो, पण माणसांवर पटकन विश्वास ठेवतो. पालकांना मुलांचे संदेश पाहता येतील असे एखादे अ‍ॅप असावे, असे वाटते. (नाशिक)

उत्तर : आपली भीती निराधार नाही. फसवणुकीचे एक ठरावीक वळण असते : भरभरून कौतुक, अ‍ॅप सोडून दुसरीकडे बोलण्याची घाई, मग अडचणीचे कारण सांगून पैशांची मागणी किंवा खासगी व्हिडिओ कॉल, आणि त्यानंतर धमकी. जी व्यक्ती शब्दांचा अर्थ शब्दशः घेते, तिला यातील खोटेपणा उशिरा जाणवू शकतो. तरीही संदेश पाहण्याची सोय असलेले अ‍ॅप मी सुचवणार नाही. नोकरी करणाऱ्या दुसऱ्या कोणा सव्वीस वर्षांच्या तरुणाचे संदेश आपण वाचले नसते. आणि समोरच्या मुलीने आपल्या मुलाला लिहिलेले शब्द आपण वाचावेत याला तिची संमती नसते, हेही लक्षात घ्यावे.

कायद्याचीही एक बाजू आहे, जी अनेक पालकांना ठाऊक नसते. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझमच्या बाबतीत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते, पण ती नेमणूक गरज असेल तेव्हाच व्हावी अशी अपेक्षा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कलम ९ असे सांगते की, ज्या दिव्यांग व्यक्तीला कायदेशीर पालक आहे तिची माहिती वापरण्यापूर्वी त्या पालकाची पडताळता येण्याजोगी संमती घेतली पाहिजे. हेतू संरक्षणाचा असला तरी याच कलमात मुलांना आणि प्रौढ दिव्यांगांना एकाच पंक्तीत बसवले आहे, आणि ते मला पटत नाही. आपल्या मुलासाठी असा पालक नेमलेला नसेल, तर अ‍ॅप वापरण्याची संमती त्याची त्यानेच द्यायची आहे.

चांगल्या अ‍ॅपमध्ये आपल्यासाठी जागा असू शकते, ती वेगळ्या स्वरूपात. मुलाने स्वतः एक विश्वासाची व्यक्ती निवडावी. ती आपण असाल, त्याची मावशी असेल किंवा मित्र असेल. भेट ठरली की कोणाला, कोठे, किती वाजता भेटणार एवढेच त्या व्यक्तीला कळावे, संभाषण नव्हे, आणि ही निवड त्याला केव्हाही बदलता यावी. अ‍ॅपनेही मोघम ‘सावध राहा’ असे न सांगता नेमके सांगावे : पैसे मागितले तर पाठवू नका, तो निरोप येथे दाबून आम्हाला कळवा. ‘सावध राहा’ म्हणजे काय करायचे, हे शब्दशः विचार करणाऱ्या माणसाला कळत नाही. खरे तर कोणालाच कळत नाही. आज करण्यासारखे म्हणजे मुलासोबत बसून असे चार नियम त्याच्या शब्दांत लिहून घ्यावेत आणि सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक त्याच्या फोनमध्ये नोंदवून ठेवावा. फसवणूक झालीच तर घरी सांगितल्यावर फोन काढून घेतला जाणार नाही, याची खात्री त्याला असली पाहिजे, कारण त्या भीतीपोटीच पुष्कळ जण उशिरा सांगतात.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेने उत्तरे लिहून देणारी सोय ऑटिस्टिक व्यक्तींना उपयोगी नाही का? (मुंबई)

उत्तर : अर्धवट. ‘या वाक्यात राग आहे की थट्टा आहे?’ असे खासगीत विचारता आले तर ते उपयोगी आहे, आणि ही सोय दोन्ही बाजूंना द्यावी. आपले वाक्य दोन अर्थांचे झाले आहे, हे इतरांनाही कोणीतरी सांगायला हवे. पण यंत्राने सगळीच उत्तरे गुळगुळीत करून दिली तर तो मुखवटाच झाला. आपली ऑटिस्टिक लक्षणे सतत झाकत राहणे थकवणारे असते आणि त्याचा संबंध चिंता व नैराश्याशी आढळला आहे. शिवाय पहिल्या भेटीला यंत्र सोबत येत नाही.

प्रश्न : वेगळे अ‍ॅप हवे, की आहेत त्याच अ‍ॅपमध्ये सुधारणा व्हाव्यात? आमच्याकडे वेगळ्या अ‍ॅपवर माणसेच सापडणार नाहीत. (कोल्हापूर)

उत्तर : आपण नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये जमील करीम यांनी नात्यातील एका ऑटिस्टिक भावाचा एकटेपणा पाहून ‘हिकी’ हे अ‍ॅप सुरू केले आणि त्यात डेटिंगबरोबर मैत्रीलाही तितकीच जागा दिली. आपल्याकडे २०१६ मध्ये दिव्यांग आणि इतर अशा सर्वांसाठी ‘इन्क्लोव’ हे अ‍ॅप आले. त्यांनी प्रत्यक्ष भेटीगाठींचे कार्यक्रमही घेतले, पण २०१९ मध्ये ते बंद झाले. अशा सेवेला एका शहरात पुरेशी माणसे मिळेपर्यंत टिकून राहावे लागते, आणि गुंतवणूकदारांना तेवढा धीर क्वचितच असतो.

त्यामुळे वर सांगितलेल्या गोष्टींपैकी मुदत सैल करणे, संभाषण स्पष्टपणे संपवता येणे, टप्प्याटप्प्याने सांगता येणे या मोठ्या अ‍ॅपनीच कराव्यात. त्यासाठी कोणाला वेगळ्या दारातून आत यावे लागू नये, आणि त्यांचा फायदा इतरांनाही होतोच. वेगळ्या अ‍ॅपने अंतराची अट सोडून आवडीच्या विषयांभोवती गट बांधावेत. रेल्वेची वेळापत्रके, किल्ले, कीटक, जुनी नाणी यांवर कोल्हापूरचा माणूस अकोल्याच्या माणसाशी किंवा परदेशातील मराठी माणसाशी तासन्‌तास बोलू शकतो, आणि त्यातून काही जुळले तर अंतराचा विचार पुढे करता येतो. जोडीदारापेक्षा आधी एक मित्र हवा असलेले लोक पुष्कळ आहेत. मराठीतून असे काही करणार असाल तर पडद्यावरची वाक्ये यंत्राकडून भाषांतरित करून घेऊ नका. मुळातच संदिग्धता ज्यांना त्रास देते, त्यांच्यापुढे ‘आपली जुळणी यशस्वीरीत्या अंमलात आणली गेली आहे’ असे वाक्य येऊ नये.

प्रश्न : मी डिझाइन शाखेची विद्यार्थिनी आहे. अशा अ‍ॅपची चाचणी घेण्यासाठी ऑटिस्टिक प्रौढांना कसे बोलवावे? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : चाचणीच्या टप्प्यावर बोलवत असाल तर उशीर झाला आहे, काय बनवायचे हे ठरवतानाच बोलवावे, आणि आई-वडिलांना किंवा शिक्षकांना विचारून ते काम भागवू नये. प्रश्न आधी लेखी पाठवावेत. प्रत्यक्ष भेट, फोन आणि लिखित उत्तर यांपैकी ज्याला जे जमेल ते निवडू द्यावे. जागेचे छायाचित्र, किती वेळ लागेल, खोलीत कोण असेल आणि मध्येच उठून गेले तरी चालेल, हे निमंत्रणातच लिहावे. त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा आणि त्याची रक्कमही त्याच निमंत्रणात असावी. महाविद्यालय तेवढे पैसे देत नसेल तर चौघांऐवजी दोघांनाच बोलवावे, पण फुकट बोलवू नये.